‘ग्रामपंचायत बरखास्त करा’ असा बोर्ड लिहिण्याआधी: दप्तर तपासणाऱ्या नवख्या गावकऱ्यांसाठी

आमच्या गावात तो बोर्ड खरंच लिहिला गेला होता. पारावर चार दिवस चर्चा झाली, पाचव्या दिवशी रंगाचा डबा आला आणि ‘भ्रष्ट ग्रामपंचायत बरखास्त झालीच पाहिजे’ अशी अक्षरं भिंतीवर उमटली. खाली आम्हा सहा जणांची नावं. महसूल खात्यात लिपिक म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले एक काका तिथून जाताना थांबले, बोर्ड वाचला आणि विचारलं, “कोणत्या कलमाखाली?” आम्ही एकमेकांकडे पाहिलं. त्या प्रश्नाचं उत्तर मिळवायला आम्हाला दीड वर्ष लागलं. तुम्हाला तेवढा वेळ लागू नये म्हणून हे लिहितोय.

हे सगळं महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतींपुरतं आहे, म्हणजे महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ लागू असलेल्या गावांपुरतं. तुमचं गाव अनुसूचित क्षेत्रात असेल तर पेसाचे, म्हणजे आदिवासी भागांसाठीच्या पंचायत कायद्याचे, वेगळे नियम लागतात. तिथे ग्रामसभेचे अधिकार जास्त आहेत आणि पाड्या-वस्तीची स्वतंत्र ग्रामसभाही होऊ शकते, तेव्हा ते आधी बघून घ्या.

१. नेमका राग कशावर आहे ते ठरवा

‘बरखास्त करा’ म्हणणाऱ्या दहा जणांना वेगळं बसवून विचारा. निदान चार उत्तरं येतील. एकाला सरपंच नको असतो. दुसऱ्याला एक विशिष्ट सदस्य नको असतो, कारण त्याने सरकारी जागेवर गोठा बांधलाय. तिसऱ्याला अख्खी बॉडी घरी जायला हवी असते. चौथा म्हणतो ग्रामपंचायतच नको, शेजारच्या गावात विलीन करा किंवा नगरपंचायत करा. बहुतेक वेळा हा चौथा वाडीवर राहणारा असतो आणि गट ग्रामपंचायतीत (अनेक गावं-वाड्या मिळून एकच पंचायत) वर्षानुवर्षं वाडीला काही मिळालेलं नसतं.

कायद्यात या चारही गोष्टींच्या वाटा वेगळ्या आहेत. निर्णय घेणारा अधिकारी वेगळा, लागणारे कागद वेगळे. त्या वाटा पायरी ८ मध्ये सांगितल्या आहेत. चारही मागण्या एकाच निवेदनात कोंबलेली तक्रार या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहते. आमचं पहिलं निवेदन तसंच होतं. त्याची पोच अजून माझ्याकडे आहे, उत्तर मात्र कधी आलं नाही.

तोवर एवढं पक्कं धरा की कोणतीही वाट धरली तरी आधी दप्तर बघावं लागतं.

२. स्वतःची घरपट्टी भरा

हसू नका. आमच्या सहा जणांत सगळ्यात मोठ्याने बोलणाऱ्याची तीन वर्षांची घरपट्टी आणि पाणीपट्टी थकली होती. पहिल्याच ग्रामसभेत ग्रामसेवकाने मागणी नोंदवही उघडून त्याचं नाव वाचून दाखवलं. त्या दिवशी पुढचा एकही प्रश्न कुणी ऐकला नाही.

तोंड दाखवायला जागा राहावी एवढ्यासाठीच हे सांगत नाही. कलम ३९ मधल्या एका तरतुदीत तक्रार करणारे मतदार थकबाकीदार नसणं ही अटच आहे (त्याबद्दल पुढे). आणि उद्या तुमच्यापैकी कुणी निवडणुकीला उभं राहणार असेल, तर मागणी बिल मिळाल्यानंतर ठरलेल्या मुदतीत कर न भरणं हे अपात्रतेचं कारण ठरू शकतं. पावती ‘नमुना १०’ ची, म्हणजे कर-पावतीच्या ठरलेल्या छापील नमुन्यातली घ्या. कोऱ्या कागदावर ‘पैसे मिळाले’ असं लिहून दिलेलं चालवून घेऊ नका.

३. घरबसल्या दिसतं ते आधी बघा

माहिती अधिकाराचा अर्ज करण्याआधी ई-ग्रामस्वराज पोर्टल उघडा. केंद्राच्या पंचायतराज मंत्रालयाने ते २०२० मध्ये आणलं. राज्य, जिल्हा, तालुका, गाव असं निवडत गेलं की आर्थिक वर्षानुसार तुमच्या गावाचा आराखडा दिसतो, म्हणजे ‘आमचं गाव, आमचा विकास’चा. कोणत्या कामावर किती रक्कम धरली आणि किती पैसे कुणाच्या खात्यावर गेले, तेही दिसतं. ‘मेरी पंचायत’ हे ॲप मोबाईलवर साधारण हीच माहिती दाखवतं. लेखापरीक्षणासाठी ऑडिट ऑनलाइन हे वेगळं पोर्टल आहे.

इथे एक सापळा आहे आणि आम्ही त्यात पडलो. पोर्टलवर प्रामुख्याने वित्त आयोगाच्या पैशाचा हिशेब असतो. ग्रामपंचायतीचं स्वतःचं उत्पन्न, म्हणजे घरपट्टी, दिवाबत्ती कर, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं, बाजार फी, हे तिथे नीट सापडेलच असं नाही. आमदार-खासदार निधीतली किंवा जिल्हा परिषदेने परस्पर केलेली कामंही तिथे नसतात. आम्ही ‘सभामंडपाचे पैसे खाल्ले’ म्हणून ओरडत होतो. सभामंडप आमदार निधीतला निघाला, त्यात ग्रामपंचायतीचा एक रुपयाही नव्हता. म्हणून प्रत्येक कामापुढे आधी ‘निधी कोणता, यंत्रणा कोणती’ हे लिहा. कामाच्या जागी लावलेल्या फलकावर ते असायला हवं. फलकच नसेल तर त्याचीही नोंद करा.

पंधराव्या वित्त आयोगाच्या (मुदत २०२१ ते २०२६) पैशाबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवल्या की पुष्कळ गैरसमज मिटतात. मूळ अनुदानाचे ६० टक्के बंधित होते, म्हणजे ते पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करायचे. उरलेले ४० टक्के अबंधित, पण त्यातून पगार किंवा आस्थापनेचा खर्च चालत नव्हता. त्यामुळे ‘रस्ता का नाही केला, पैसे तर आलेत’ या प्रश्नाला ‘ते पैसे गटारीचे होते’ हे उत्तर कधी कधी खरं असतं.

४. माहिती अधिकाराचा अर्ज छोटा ठेवा

आमचा पहिला अर्ज दोन पानी होता. ‘मागील पाच वर्षांतील सर्व कामांची सर्व माहिती’. तो फेटाळला गेला, आणि नियमाने फेटाळला गेला. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि तोही १५० शब्दांत मांडायचा असतो. काय लागतं ते असं:

– जोडपत्र ‘अ’ मधला अर्ज, ग्रामपंचायतीच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे. हा बहुधा ग्रामसेवकच असतो. २०२४ पासून ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी या पदांचं ‘ग्रामपंचायत अधिकारी’ असं एकच पद झालंय, म्हणून पाटीवर नवं नाव दिसलं तर गोंधळू नका.
– १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालील असाल तर दाखल्याची प्रत जोडा, फी लागत नाही.
– अर्जाची झेरॉक्स. तिच्यावर सही, शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. पोच द्यायला टाळाटाळ झाली तर स्पीड पोस्टाने पाठवा.

उत्तराची मुदत ३० दिवस. प्रतींसाठी पानाला २ रुपये. मुदत उलटून गेल्यावर दिलेली माहिती फुकट द्यावी लागते. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर ३० दिवसांत जोडपत्र ‘ब’ भरून २० रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील करायचं. ते पंचायत समितीतल्या ज्या अधिकाऱ्याकडे जातं त्याचं नाव कार्यालयातल्या फलकावर असायला हवं. त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. आयोगाकडे तारीख मिळायला फार वेळ लागतो, म्हणून पहिल्या अपिलातच काम उरकायचा प्रयत्न करा. सुनावणीला जातीने हजर राहा. आमच्या सुनावणीला ग्रामसेवक दप्तर घेऊन आला तो फक्त आम्ही येणार हे त्याला कळलं होतं म्हणून.

आता सगळ्यात उपयोगाची गोष्ट. प्रती मागण्याऐवजी अभिलेख पाहणी मागा. कायद्याने तो तुमचा हक्क आहे आणि पहिल्या तासाला फी नाही. पाच वर्षांच्या प्रती मागितल्या तर हजार पानांचं बिल हातात पडतं, आणि त्यात हवं ते पान नेमकं नसतं. पाहणीला तिघं जण जा. एक वाचेल, एक लिहील आणि एक गप्प बसून सगळं बघत राहील. हवी ती पानं टिपून घेऊन मग तेवढ्याच प्रती मागा.

‘दप्तर ऑडिटला गेलंय’, ‘आधीच्या ग्रामसेवकाने चार्ज दिला नाही’, ‘पावसात भिजलं’ ही तीन उत्तरं तुम्हाला मिळणारच. वाद घालू नका. ‘हे लेखी द्या’ एवढंच म्हणा. अभिलेख गहाळ आहेत असं स्वतःच्या सहीने लिहून देणं कुणालाच परवडत नाही. आमच्याकडे ते भिजलेलं दप्तर आठ दिवसांत कोरडं होऊन कार्यालयात हजर झालं.

५. कोणते कागद मागायचे

ग्रामपंचायतीचं दप्तर ‘नमुना १ ते ३३’ असं ओळखलं जातं. सगळे ३३ बघायला जाऊ नका, डोकं फिरेल. नवख्याने एवढे बघावेत:

– नमुना १, अंदाजपत्रक, आणि नमुना ३, वर्षाचा जमा-खर्च. दोन्ही शेजारी ठेवून वाचा.
– नमुना ५, रोकड वही. सोबत त्याच काळातला बँकेचा खातेउतारा.
– नमुना ८, कर आकारणी, आणि नमुना ९, कर मागणी. हा नमुना ८ म्हणजे तलाठ्याकडचा ‘आठ अ’ नाही. आमच्यातल्या एकाने तलाठ्याकडे तीन हेलपाटे मारले.
– साठा नोंदवही: दिवे, पाइप, मोटारी, खुर्च्या.
– स्थावर मालमत्तेची आणि रस्त्यांची नोंदवही.
– ज्या कामावर संशय आहे त्याची पूर्ण फाईल: ठराव, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, दरपत्रकं किंवा निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, देयक, पूर्णत्वाचा दाखला.
– मासिक सभा आणि ग्रामसभा यांची इतिवृत्तं.
– शेवटचा लेखापरीक्षण अहवाल आणि त्यातल्या आक्षेपांचं अनुपालन, म्हणजे त्यांवर पुढे काय केलं त्याचं उत्तर.

एवढ्यातलं एकच मागायचं असेल तर शेवटचं मागा. लेखापरीक्षकाने तुमचं अर्धं काम आधीच केलेलं असतं. ‘प्रमाणक आढळून आले नाही’ (म्हणजे खर्चाचं व्हाउचर नाही), ‘मोजमाप पुस्तिका तपासणीस उपलब्ध नाही’, ‘रक्कम वसुलपात्र’ अशी वाक्यं तिथे सरकारी भाषेत, तारखेसह आणि रकमेसह लिहिलेली असतात. आम्ही सहा महिने शोधत होतो त्यातल्या दोन गोष्टी चार वर्षांपूर्वीच्या अहवालात होत्या. अनुपालनाचे रकाने तेवढे कोरे होते.

मागासवर्गीयांसाठी १५ टक्के, महिला व बालकल्याणासाठी १० टक्के आणि दिव्यांगांसाठी ५ टक्के अशी स्वतःच्या उत्पन्नातली राखीव रक्कम खर्च झाली का, हेही बघा. हा खर्च बऱ्याच गावांत ३१ मार्चच्या आसपास एकदम झालेला दिसतो आणि वस्तू वाटप म्हणून दाखवलेला असतो. यादीतल्या चार घरी जाऊन विचारलं की उत्तर मिळतं.

६. टेप घेऊन रस्त्यावर उतरा

कागद वाचून संशय येतो, पण पुरावा जागेवरच मिळतो.

आमच्या एका गल्लीतल्या काँक्रीट रस्त्याची मोजमाप पुस्तिकेतली लांबी १२० मीटर होती, रुंदी ३ मीटर. आम्ही टेप लावली तर लांबी ८४ मीटर. पुन्हा मोजली, तरी ८४. साठा नोंदवहीत ४० एलईडी दिवे आलेले आणि ४० बसवलेले. रात्री वहीत खांब मोजत गाव पालथं घातलं. बंद दिवे धरूनही २६ भरले. हे दोन आकडे पुढे सगळीकडे उपयोगी पडले, कारण त्यांच्यावर वाद घालता येत नव्हता. जो येईल त्याला टेप देता येत होती.

पण उलटंही झालं, आणि ते सांगितलंच पाहिजे. पाणीपुरवठ्याची मोटार एका वर्षात चार वेळा दुरुस्त केल्याची बिलं होती. ‘इथे तर नक्कीच खाल्लेत’ असं गाव म्हणत होतं. आम्ही तालुक्याला जाऊन मोटार बांधणाऱ्या दुकानदाराला भेटलो. त्याच्या वहीत चारही तारखा होत्या, आणि विजेचा दाब कमी-जास्त होतो म्हणून मोटार जळते हे त्याने समजावलं. बिलं खरी होती. आम्ही पुढच्या ग्रामसभेत ते उभं राहून सांगितलं. त्या दिवसापासून सरपंचाच्या बाजूची माणसंही आमचं थोडंफार ऐकायला लागली.

मोजमाप करताना पंचनाम्यासारखा साधा कागद करा: तारीख, वेळ, जागा, मोजलेला आकडा, हजर असलेल्या पाच जणांच्या सह्या. फोटोत टेपवरचा आकडा आणि ओळखू येईल अशी खूण, दार किंवा खांब, एकत्र दिसू द्या.

७. ग्रामसभेत जा, पण तयारीने

आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. बहुतेक गावांत त्या १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि २६ जानेवारीच्या सुमारास होतात. त्यांच्या आधी महिलांची सभा होणं बंधनकारक आहे. ती कागदावरच होते का, ते घरातल्या बायकांना विचारा. वर्षाच्या पहिल्या ग्रामसभेपुढे कलम ८ प्रमाणे चार गोष्टी ठेवायच्या असतात: वार्षिक हिशेब, मागच्या वर्षाचा प्रशासन अहवाल, चालू वर्षाचा कामांचा कार्यक्रम, आणि शेवटची लेखापरीक्षण टिप्पणी तिच्या उत्तरांसह. या चौथ्या गोष्टीचा उच्चार आमच्या गावात कुणी कधी ऐकला नव्हता.

गणपूर्ती म्हणजे मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली कमी असेल ती संख्या. इथे जुना डाव असतो. पहिल्या दिवशी माणसं जमत नाहीत, सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मग आठवड्याने बारा माणसांत सगळं मंजूर होतं आणि इतिवृत्तात ‘सर्वानुमते’ असं छापलं जातं. म्हणून पहिल्याच सभेला शंभर माणसं आणा. एवढं जमलं तर बाकीचं सोपं जातं. तहकूब सभेला आयत्या वेळचे विषय घेता येत नाहीत, हेही ध्यानात असू द्या.

प्रश्न आधी लेखी द्या आणि पोच घ्या. सभेत एकाने एकच प्रश्न विचारायचा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय दुसऱ्याने उठायचं नाही. आरडाओरडा झाला की सभा गुंडाळली जाते, आणि काही लोकांना तेच हवं असतं. सही करताना इतिवृत्त लिहून पूर्ण झालंय का ते बघा. कोऱ्या पानावर हजेरीची सही घेतली जाते आणि तीच पुढे ठरावाखालची सही होऊन बसते.

८. चार मागण्या, पाच वाटा

आता काकांचा प्रश्न, कोणत्या कलमाखाली?

सदस्य किंवा सरपंच अपात्र ठरवणं. कलम १४ मध्ये कारणं दिली आहेत: सरकारी जागेवर अतिक्रमण, कराची थकबाकी, १२ सप्टेंबर २००१ नंतर झालेलं तिसरं अपत्य वगैरे. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे. इथे भ्रष्टाचार सिद्ध करावा लागत नाही, कागद सिद्ध करावा लागतो. म्हणून ही वाट सगळ्यात जास्त वापरली जाते, आणि भाऊबंदकीचे हिशेब चुकते करायलाही हीच वापरतात.

अविश्वास ठराव, कलम ३५. हा गावकऱ्यांच्या हातात नाही, सदस्यांच्या हातात आहे. कायद्याने ठरवलेल्या संख्येइतक्या सदस्यांनी तहसीलदारांकडे नोटीस द्यायची. सरपंच थेट जनतेतून निवडून आला असेल तर तीन चतुर्थांश सदस्यांचं बहुमत लागतं आणि त्यानंतर विशेष ग्रामसभेत गुप्त मतदानाने शिक्कामोर्तब व्हावं लागतं. निवडीनंतर पहिली दोन वर्षं आणि मुदत संपायच्या आधीचे सहा महिने ठराव आणता येत नाही. म्हणजे पाच वर्षांत अडीच वर्षांचीच खिडकी आहे.

पदावरून काढणं, कलम ३९. गैरवर्तन, कर्तव्यात कसूर, अकार्यक्षमता यांसाठी. निर्णय विभागीय आयुक्तांचा. त्यांच्या आदेशाने जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी चौकशी करतात. याच कलमात ती फारशी कुणाला माहीत नसलेली तरतूद आहे. वार्षिक हिशेब आणि विकासकामांच्या खर्चाचा अहवाल ग्रामसभेपुढे ठेवला नाही आणि सूचना फलकावर लावलाही नाही, अशी तक्रार गावातल्या एकूण मतदारांपैकी किमान २० टक्के, आणि तेही घरपट्टी-पाणीपट्टी चुकती केलेल्या मतदारांनी केली, तर त्यावरही पद जाऊ शकतं.

आम्ही हीच वाट धरली. मतदार १,४००, म्हणजे २८० सह्या हव्या होत्या. महिनाभरात ३११ झाल्या. पेढे आणायचेच बाकी होते. मग काकांनी नमुना ९ शेजारी ठेवून एकेक नाव तपासलं. थकबाकी नसलेले फक्त २०४. आम्ही घरोघर फिरून लोकांना पट्टी भरायला लावली. त्या तिमाहीत विक्रमी वसुली झाली आणि त्याचं श्रेय सरपंचाने ग्रामसभेत स्वतःकडे घेतलं! आणि २८० चा आकडा ओलांडायच्या आतच एका रात्रीत सूचना फलक रंगून त्यावर दोन वर्षांचे हिशेब लागले. तक्रारीचा पायाच गेला. पण हिशेब लागले.

पंचायत बरखास्त करणं, कलम १४५. हा अधिकार राज्य शासनाचा. पंचायतीने अधिकाराचा गैरवापर केला, कर्तव्यात वारंवार कसूर केली, वरिष्ठांचे आदेश धाब्यावर बसवले, असं शासनाचं मत झालं तर जिल्हा परिषदेशी विचारविनिमय करून आणि पंचायतीला म्हणणं मांडायची संधी देऊन बरखास्ती होते. निम्म्याहून जास्त जागा रिकाम्या झाल्या तरीही होऊ शकते, आणि सामूहिक राजीनाम्याची खेळी त्यासाठीच होते. ग्रामसभेने ‘बरखास्त करा’ असा ठराव केला तर तो मागणी म्हणून वर जातो. त्या ठरावाने पंचायत बरखास्त होत नाही. आमचा सगळ्यात मोठा गैरसमज हाच होता.

ग्रामपंचायत हा घटकच नको असेल, म्हणजे गट ग्रामपंचायतीचं विभाजन, दुसऱ्या गावात समावेश किंवा नगरपंचायत, तर तो कलम ४ खालच्या गावाच्या घोषणेचा आणि नगरपालिका कायद्याचा विषय आहे. तोही शासनाकडेच जातो. नगरपंचायतीसाठी साधारण १० ते २५ हजार लोकसंख्या लागते, तेव्हा दोन हजार वस्तीच्या गावाने ते स्वप्न बघू नये. २०१४ नंतर तालुक्याच्या ठिकाणच्या बऱ्याच ग्रामपंचायती नगरपंचायती झाल्या. अशा एखाद्या गावात जाऊन घरपट्टी किती वाढली ते विचारून या. अगदी वेगळी वाट बघायची असेल तर गडचिरोलीतलं मेंढा-लेखा बघा. त्यांनी २०१३ मध्ये ग्रामदान कायद्याखाली, म्हणजे खाजगी जमिनी गावाच्या मालकीच्या करून, जायचं ठरवलं. पण त्यांच्यामागे ग्रामसभेच्या कित्येक वर्षांच्या बैठका होत्या, एका बोर्डावर ते झालेलं नाही.

९. बरखास्तीनंतरच्या सकाळचा विचार करा

समजा झाली बरखास्त. सगळे सदस्य घरी गेले, तुमचे चांगले दोन-तीन सदस्यसुद्धा. कारभार प्रशासकाकडे गेला. तो बहुधा पंचायत समितीतला विस्तार अधिकारी असतो आणि त्याच्याकडे अशी आणखी गावं असू शकतात. राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३ ङ प्रमाणे सहा महिन्यांत निवडणूक व्हायला हवी, पण नव्या पंचायतीला पूर्ण पाच वर्षं मिळत नाहीत. जुनीची उरलेली मुदतच मिळते. उरलेली मुदत सहा महिन्यांपेक्षा कमी असेल तर निवडणूक घेणं आवश्यकही नसतं.

प्रशासक म्हणजे काय हे २०२० मध्ये पुष्कळ गावांनी अनुभवलं. कोरोनामुळे निवडणुका लांबल्या आणि मुदत संपलेल्या हजारो ग्रामपंचायतींवर प्रशासक आले. १५ जानेवारी २०२१ ला मतदान होईपर्यंत अनेक ठिकाणी साध्या सहीसाठी तालुक्याला जावं लागलं.

आम्ही हिशेब केला तेव्हा पंचायतीची २२ महिने मुदत उरली होती. चौकशी, सुनावणी, अपील, स्थगिती यात किमान वर्ष गेलं असतं. मग उरलेल्या थोड्या महिन्यांसाठी निवडणूक. बैठकीत काकांनी विचारलं, उभं कोण राहणार? सहापैकी एकानेही हात वर केला नाही. भिंतीवरचा बोर्ड त्याच आठवड्यात आम्हीच पुसला.

१०. तक्रार करायची तर वसुलीची करा

आम्ही शेवटी रस्ता आणि दिवे एवढ्याच दोन कामांची तक्रार गटविकास अधिकाऱ्यांकडे दिली, प्रत मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना. पानं चार: एक पान तक्रार, एक पान मोजमापांचा तक्ता, दोन पानं फोटो. सोबत मोजमाप पुस्तिकेची आणि साठा नोंदवहीची माहिती अधिकारात मिळालेली साक्षांकित प्रत. मागणी एकच: संयुक्त मोजणी करून फरकाची रक्कम संबंधितांकडून वसूल करून ग्रामनिधीत भरावी. ‘भ्रष्ट’, ‘लुटारू’ असले शब्द काढून टाकले. ते शब्द सिद्ध करावे लागतात आणि बदनामीची नोटीस येते.

चौकशीला विस्तार अधिकारी आणि शाखा अभियंता आले. चौकशीच्या दिवशी गावात हजर राहा, कामाला जाऊ नका. अधिकारी चहा कुठे पितात याकडे सगळं गाव बघत असतं, तेव्हा तुम्ही टेप घेऊन आधीच रस्त्यावर उभे असलेले बरे. अहवालात रस्त्याची लांबी ८४ मीटर आली. दिव्यांबाबत ‘काही दिवे नादुरुस्त झाल्याने काढले’ असा खुलासा आला, पण काढलेले दिवे साठ्यात दाखवता आले नाहीत.

तीन महिने हालचाल दिसली नाही तर स्मरणपत्र द्या आणि अहवालाची प्रत माहिती अधिकारात मागा. जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, तो दरवाजाही आहे. पैशांचा मोठा अपहार असेल तर पोलीस तक्रार आणि लोकायुक्त हे मार्ग आहेत. तिथे जाण्याआधी वकिलाला फाईल दाखवा.

एक वही मात्र पहिल्या दिवसापासून ठेवा: तारीख, कोणत्या कार्यालयात गेलो, कोणत्या टेबलावर फाईल होती, काय उत्तर मिळालं, पुढची तारीख. आमच्या वहीची आता ७३ पानं भरली आहेत. वसुलीची नोटीस निघाली आहे, रक्कम अजून ग्रामनिधीत आलेली नाही. दर महिन्याला आमच्यातला एक जण पंचायत समितीत जाऊन फाईल कुठे आहे ते बघून येतो आणि वहीत लिहितो. या महिन्यात पाळी माझी आहे.